शिवणीतले काळे ठिपके

शिवणीच्या घडीत तांदळाच्या कणीहून बारीक, पांढुरकी अंडी होती. ढेकणाच्या अंड्याला एका टोकाला झाकण असतं. इथली बहुतेक झाकणं उघडलेली होती. शेजारी काळे ठिपके. म्हणजे कुणाचं तरी पचवून टाकलेलं रक्त.

मी बोट काढून घेतलं.

"काय बघतेस एवढं? खुर्ची आहे, तुझ्या प्रयोगशाळेतला नमुना नाही," हे म्हणाले आणि खुर्चीच्या पाठीत नाक खुपसून त्यांनी दीर्घ श्वास घेतला. जुन्या बाजारात ह्यांची पारख नाकाने चालते. नाक वर आलं तेव्हा मिशीला कापसाचा काळपट पुंजका चिकटला होता. "वा! अत्तर!"

अत्तराखाली कुबट, गोडसर वास होता.

दर रविवारी हे इथून काही ना काही घरी आणतात. परक्या दातांचे वण असलेले चमचे, केस अडकलेले कंगवे, कुणाच्या तरी घामाने पिवळ्या पडलेल्या उशा. मुलीची खोली छतापर्यंत भरली आहे. बाळ झाल्यापासून मुलगी फोनवर एकच सांगते, "आई, त्या घरात मी बाळाला आणणार नाही. तूच इकडे राहायला ये." मी म्हणते, बघू.

मागच्या महिन्यात आमच्या दोघांच्या मानेवर गांध्या उठल्या, तेव्हा ह्यांची लाडकी खुर्ची मी भंगारवाल्याला देऊन टाकली. ह्यांनी अबोला धरला. आज तिच्या जागी दुसरी शोधायला आलो होतो.

"काका, नाक आहे हो तुम्हाला!" विक्रेता म्हणाला. "एका डॉक्टरांच्या बंगल्यातून उचललीय. काकू, बसून तर बघा."

"बंगल्यात ढेकूण होते का?" मी विचारलं.

"असलेच तर शिकलेले असतील, काकू!"

हे खदखदून हसले आणि खुर्चीत रेलून बसले.

खुर्चीच्या हातावरचं हिरवं कापड नवं होतं, पण नीट ठोकलेलं नव्हतं. मी कोपरा उचलला. खाली तपकिरी कापड, त्यावर वाटीएवढा जांभळा डाग. जंतू रंगवायच्या रंगाची बाटली माझ्या पिशवीत फुटली होती, तेव्हाचा. कडेला काळ्या दोऱ्याचे वाकडे टाके. माझेच.

म्हणजे ते रक्तही आमचंच.

"अहो, ही आपलीच खुर्ची आहे."

विक्रेता एकदम दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. ह्यांनी डागावरून अंगठा फिरवला. मला वाटलं, आता तरी ह्यांना किळस येईल.

ह्यांचा चेहरा उजळला. "तरीच! म्हटलं, बसल्या बसल्या पाठीला एवढं बरं कसं वाटलं! आणि पठ्ठ्यानं नवं कापडही चढवलंय. अरे ए, टेम्पो बोलाव!"

ह्यांच्या मनगटावर एक चपटा, तांबूस ढेकूण चालत होता. तो सावकाश बाहीत शिरला.

"अगं, बघत काय राहिलीस? धर एक बाजू."

मी दोन्ही हात रुमालाला पुसले आणि रुमाल तिथेच टाकला.

"तुम्ही न्या ती घरी," मी म्हणाले. "मी त्या घरात परत येत नाही. नवे कपडे घेते, अंगावरचे टाकून देते आणि मुलीकडे राहायला जाते."