नवलच्या नावाची घागर

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, उद्यावर आली तरी मंजुळाबाईचा एकच हेका : घागर एकच भरायची, दरवर्षीसारखी सासऱ्यांच्या नावाची. तोताराम कुंभार सकाळी दारात दोन घागरी उतरवून गेला, तर तिनं दुसरी उचलून थेट गोठ्यात नेऊन टाकली. त्या बिचाऱ्याचं तरी काय चुकलं? ज्या घरातलं माणूस वर्षभरात गेलं, तिथं आखाजीला त्याच्या नावानं नवी घागर भरतात, एवढंच त्याला ठाऊक. पण माणूस गेलं, हे ठरवायचं कुणी?

तिचा नवल सैन्यात होता. दिवाळीच्या तोंडावर अंदमानला निघालेलं सैन्याचं मालवाहू विमान वादळात सापडलं आणि समुद्रात पडलं. त्यात तो होता. पंखाचा तुकडा सापडला, दोन खुर्च्या सापडल्या, माणूस एकही नाही. पुढे शोधही थांबला. तेव्हापासून पिंपळनेरपर्यंतच्या सोयऱ्यांनी धीर द्यायचा जो सपाटा लावला, तो अजून सरत नव्हता. धीर देणाऱ्याचं काय जातं हो! चहा पितो नि उठतो. मंजुळाबाई मात्र पार थकून गेली होती. रोज उठायचं, सून पुनमच्या कपाळावर कुंकू आहे ना ते बघायचं, मग चूल पेटवायची.

"नवलनी माय, आते पुरं कर," नवरा अभिमन रात्री म्हणाला.

"मना पोऱ्या जित्ता शे. जित्ता मानूसनी घागर कोन्ही भरस का?"

तो बापडा कूस बदलून पडला.

आखाजीच्या सकाळी सासऱ्यांच्या घागरीत ती पाणी ओतत होती. पुनम सांजोऱ्या तळत होती. पोरगी धुळ्याची, मुळात कमी बोलणारी. कढईतून नजर न काढता ती म्हणाली, "आत्या, रागावू नका. आज पितरं पाणी प्यायला येतात ना? यांच्या चहूकडे पाणीच पाणी आहे, पण खारं. एक घोट पिता येत नाही."

मंजुळाबाईचा हात थांबला. इतके महिने तिनं नवलला पोहताना पाहिलं, कुठल्याशा बेटावर पोचताना पाहिलं. तहानलेला कधी पाहिलाच नव्हता. घागर भरावी, तर पोटच्या पोराला आपल्याच हातानं मारल्यासारखं. न भरावी, आणि तो खरंच गेला असला, तर मायच्या दारातून तसाच कोरड्या घशानं माघारी जायचा. इकडे आड, तिकडे विहीर!

ती उठली. गोठ्यातली घागर आणली, धुतली, गळ्यापर्यंत भरली. वर खरबूज ठेवलं.

"मरेल व्हई ते पानी पेई," ती सुनेला म्हणाली. "जित्ता व्हई ते यीसन मनासंगे भांडन करी. करू दे."

मग ती उंबऱ्यावर जाऊन बसली. दिवस मावळला, तरी भांडायला कोणी आलं नाही.