मोतीरामनं वाचलेला आयर्लंडचा दगड

माझी तेजल दगड वाचते. आमच्या नाशकात पांडवलेणीला शिलालेख आहेत, घरून रिक्षानं वीस मिनिटं. पण नाही, बाईसाहेबांना आयर्लंडचेच दगड हवेत. त्यावर धड अक्षरंही नाहीत, दगडाच्या कडेला नुसत्या खाचा. दीड हजार वर्षांपूर्वी तिकडची माणसं त्या खाचांनी जमिनीच्या मालकांची नावं लिहीत. जुन्या नावांना शेवटी जादा अक्षराचं शेपूट असायचं, पुढं बोलता बोलता ते गळलं. शेपूट असेल तर दगड जुना, नसेल तर अलीकडचा. एवढं मला तिनं पोळ्या लाटताना समजावलं होतं.

त्या दिवशी दुपारी तीनला तिकडच्या विद्यापीठाची ऑनलाइन मुलाखत होती. निवड झाली तर तीन वर्षांची शिष्यवृत्ती, नाहीतर विंचूरला वाइनच्या कंपनीत ऑफिसातली खुर्ची. तिच्या मामानं शब्द टाकून ठेवला होता. प्रश्न आधीच कळवलेला: एका दगडावर एकाच उभ्या ओळीत दोन नावं, खालच्याला शेपूट, वरच्याला नाही, असं का? मुलाखत घेणाऱ्या म्हाताऱ्या प्रोफेसरबाईंनीच पुस्तकात लिहिलं होतं, की भाषा बदलत होती, बाप-लेकांची नावं कोरताना कारागीर गोंधळला. तेजलला ते पटत नव्हतं आणि दुसरं काही सुचतही नव्हतं. सकाळपासून पोरीच्या पोटात अन्न नाही. माझाही जीव टांगणीला.

आणि नेमका त्याच दिवशी मी मोतीरामला बोलावलेला. मिक्सरच्या चटणीला मेली चव नसते, म्हणून पाटा मी अजून ठेवलाय, आणि त्याला टाकी लावून, म्हणजे छिन्नीनं खडबडीत करून देणारा आमच्या भागात हा एकटाच उरलाय. घरापुढच्या ओट्यावर ठकठक सुरू झाली तशी तेजल लॅपटॉप घेऊन तणतणत बाहेर आली.

"काका, तासभर थांबा ना."

मोतीराम थांबला. पण त्याची नजर स्क्रीनवरच्या फोटोवर गेली, ती हलेना.

"हे दोघांचं काम हाय," तो म्हणाला. "खालच्याची टाकी धारदार. वरच्याची बोथट, दगडाचे टवके उडवलेत गड्यानं. आन् खालच्या खाचा झिजल्यात बघ, वरच्या नाय. मधी लय वर्षं गेली."

"म्हणजे बाप आधी, मुलगा नंतर?"

"मुलगाच कशावरून? सातबाऱ्यावर नाव घुसवत्यात, तसं कुणी घुसवलं आसंल. जमीन कुणाला नको?"

तेजलनं ते भराभर लिहून घेतलं. मग तिनं पोळी मागितली.

मुलाखतीत तिनं हेच सांगितलं. प्रोफेसरबाईंनी भुवया चढवून विचारलं, हे कुठल्या तज्ज्ञाचं मत? कार्टीनं सरळ लॅपटॉप ओट्याकडं फिरवला. दुभाषी मी, तीस वर्षं पाचवीला इंग्रजी शिकवलंय. मोतीराम जराही बुजला नाही. त्यानं माझ्या पाट्यावर एक घाव धारदार टाकीनं घातला, एक बोथट टाकीनं, आणि पाटा कॅमेऱ्यापुढं धरला. चांगला पाटा होता माझा.

बाईंनी पुढं वाकून दोन्ही घाव निरखले. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे तीस वर्षं मी चुकीचं लिहून ठेवलंय."

मी मराठीत सांगितलं. मोतीराम म्हणाला, "कागदावर लिवलंय ना? मग काय बिघडलं. दगडावर आसतं तर पंचाईत होती."

"आई, हे नको सांगूस," तेजल दातओठ खात पुटपुटली. पण इतकी वर्षं पोरांना खोटं बोलू नका म्हणून छड्या मारल्या, आता या वयात मी कशाला खोटं बोलू? शब्दन् शब्द सांगितला.

पोरीचं वाटोळं केलं आपण, असंच वाटलं.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, आणि तेजलला विचारलं, "सप्टेंबरपासून येता येईल?"

ती मुलखाची बडबडी, पण तेव्हा तिच्या तोंडून शब्द फुटेना. एकुलती एक पोर, तीन वर्षं घर खायला उठणार होतं मला. तरी "येस" मीच म्हणाले.