अळणी टोप

महादेव मटण घेऊन आला तेव्हा उन्हं अजून ओटीवर चढली नव्हती. पळसाच्या पानात बांधलेलं पुडकं त्यानं उंबऱ्याशी ठेवलं आणि उभ्या उभ्याच म्हणाला, "वैनी, आज जेवायला तुमच्याकडं. जेवलो की मी नि बळी होडीनं उरणला जाऊन येतो. नव्या मुकादमाशी बोलायचं हाय. दुपारच्या भरतीला निघू."

बळीच्या बायकोला, भामाला, नवल वाटलं. सात महिने हा माणूस वाटेत भेटला तर मान फिरवून जायचा. एकाच आगरात मीठ ओढणारी माणसं ही, पण महादेव पलीकडच्या पाड्यातला, आणि या घरात तो कधी जेवला नव्हता. जेवायचा तो त्याचा धाकटा भाऊ शिवा. शिवाला सात महिन्यांपूर्वी खाडीनं नेलं.

"बसा की, दादा. पाणी आणते."

"पाणी नको. आणि हे बघ, माझा वाटा अळणी कर. मिठाचा कण पडता कामा नये. शिवाचं वर्ष होईस्तोवर मीठ सोडलंय मी. भाकऱ्या माझ्या मीच आणल्यात, तुमच्या भाकरीत मीठ असतं."

मटण त्याचं, भाकऱ्या त्याच्या, पाणीसुद्धा त्याच्या लोटीतलं. मग या घरचं जेवण म्हणायचं तरी कशाला? पण असं तोंडावर कोण विचारणार!

भामानं ओटीवरून खाली पाहिलं. बांधाच्या टोकाला उघाडीपाशी होडी लावलेली होती. भरतीचं पाणी अडवायची ती लाकडी दारं, तिथंच. होडीत कुणीतरी डोक्यावरून पंचा घेऊन बसलं होतं.

"कोण हाय ते? त्यांनापण बोलवा जेवायला."

"वल्हं मारायला आणलाय गडी. तो नाय येत," महादेव म्हणाला आणि आगराकडं निघून गेला.

आता या घरच्या मटणाचं सांगायला हवं. खाडीकाठच्या बाकी घरांत रश्शाला नारळ वाटतात, इथं शेंगदाणे. घाटावरचे गाडीवाले मीठ भरायला यायचे ते शेंगांची पोती टाकून जायचे. भामाची सासू सखूबाई त्यांच्याच बायांकडून दाण्याचा रस्सा शिकली. लोकांनी नाकं मुरडली, मग वाट्या पुढं केल्या. कांदा चुलीत भाजायचा, लसूण, सुकी मिरची, थोडं खोबरं, आणि ओंजळभर भाजलेले दाणे पाट्यावर तेल सुटेपर्यंत वाटायचे. मटण शिजत आलं की हे वाटण सोडायचं आणि चूल मंद करायची. वर लाल तेलाचा तवंग आला की झालं. शिवा हा रस्सा ओरपून प्यायचा. "वैनी, तुझ्या हातचं खाऊन मेलो तरी चालंल," म्हणायचा. मेल्या, असं बोलू नये रे!

सखूबाई आत वाल सोलत बसली होती. तिचे डोळे अधू झाले होते, पण कान शाबूत.

"मीठ सोडलं म्हणतो?" ती हळूच म्हणाली. "परवा पनवेलच्या बाजारात गरम भजी खात उभा होता. शेजारच्या कमळाबाईनं डोळ्यांनी पायलं."

भामाच्या हातातला कांदा तसाच राहिला.

"माझ्या बापानं सांगितलेलं ध्यानात हाय माझ्या," सखूबाई म्हणाली. "आगरातल्या माणसानं एकदा कुणाच्या घरचं मीठ खाल्लं, की तो त्या घरावर हात उचलत नाय. म्हणून ज्याच्या पोटात वाकडं असतं, तो आधी मीठ टाळतो. मी दोनदा पायलंय असं. दोन्ही वेळी मागनं त्या घरात मयताचं मडकं धरावं लागलं." मग ती आणखी जवळ सरकली. "घाल चिमूटभर त्याच्या टोपात. कळणार नाय त्याला."

"नाय, आय. खरंच शिवाभावजींच्या नावानं सोडलं असेल तर? मेलेल्या माणसाला फसवू?"

भामाला बोलून दाखवता येत नव्हतं, पण शिवाला या घरानं एकदा फसवलंच होतं. त्या रात्री उधाण आलं होतं आणि उघाडीवर राखणीची पाळी बळीरामची होती. भामाला दिवस भरलेले, कळा सुरू झाल्या, तिनं घाबरून नवऱ्याला निरोप धाडला. बळीराम शिवाला म्हणाला, तासभर बस माझ्या जागी. शिवा एका शब्दानं हो म्हणाला आणि बसला. दारं तुटली, बांध फुटला, शिवा गेला. दुसऱ्या दिवशी पंच बसले. राखण सोडून गेला म्हटलं तर आगरातून कायमचं हाकलतील, या भीतीनं बळीरामची जीभ खोट्याकडं वळली. मी बांधावरच होतो, म्हणाला. शिवा पिऊन आला नि पाय घसरून पडला, म्हणाला. आयुष्यात थेंब न घेतलेल्या पोराला दारुडा करून टाकलं! आणि भामा दाराआड पोर पदराखाली घेऊन हे सगळं ऐकत गप्प बसली.

बळीराम मागच्या दारी होता. तीन महिन्यांपूर्वी मिठाच्या गोणीखाली गुडघा सापडला, तेव्हापासून त्याचा पाय वळत नव्हता. पोहणं तर सुटलंच होतं.

"जाऊ नका," भामा म्हणाली. "पाय असा. पाण्यात पडलात तर?"

"नाय गेलो तर तो म्हणंल, बळी घाबरला. का घाबरला, ते मग गाव विचारील."

"मग खरं सांगून टाका एकदाचं."

"पंचांसमोर देवाची आण घेतलीय मी, भामा." जायचं म्हणजे परत न येणं, हे त्यालाही कळत होतं. कळून तो निघाला होता, याचीच तिला जास्त भीती वाटली.

तिनं दोन टोप चढवले. मोठ्यात मूठभर मीठ टाकलं, धाकट्यात नाही. दोन पळ्या ठेवल्या, चुकून इकडची तिकडं बुडायला नको. हात तीनदा धुतले. डब्यातले भाजके दाणे काढले, वाटण वाटलं, दोन्हीकडं सारखं सोडलं. धाकट्या टोपाची चव तिनं घेतली नाही. पाहुण्याचा वेगळा काढलेला वाटा, तो उष्टा कसा करायचा? घरभर वास सुटला, शिवा असता तर पाड्याच्या वेशीपासून हाका मारत आला असता, असा.

दुपारी महादेव आला. बळीरामसमोर पाटावर बसला, आपल्या फडक्यातल्या भाकऱ्या सोडल्या. धाकट्या टोपातला रस्सा भामानं वाढला. खाडीचं पाणी चढायला लागलं होतं, होडीतला माणूस तसाच बसून होता. हे नवऱ्याचं शेवटचं जेवण आहे आणि आपणच ते वाढतोय, असं तिला आतून वाटत होतं आणि हात थांबत नव्हते.

महादेवनं भाकरी मोडली, रश्शात बुडवली, तोंडात घातली. चावली आणि थांबला.

"यात मीठ हाय."

"नाय, दादा! पोरीच्या गळ्याची आण. मी..."

"मीठ हाय, वैनी."

बळीरामचा घास हातात राहिला. भामा धावत चुलीशी गेली, धाकट्या टोपात बोट बुडवलं, चाटलं. खारट! पण कसं? हात धुतले, पळ्या वेगळ्या ठेवल्या. तिची नजर दाण्यांच्या डब्यावर गेली आणि तिनं कपाळावर हात मारून घेतला.

बाकीचं जग दाणे वाळूत भाजतं. आगरातल्या घरात वाळू कोण आणणार, दारात मिठाची रास असताना? खाऱ्या पाण्याचा हबका द्यायचा आणि जाड्या मिठात दाणे परतायचे, ही इथली रीत. मीठ म्हणजे ते, जे मुठीनं टोपात पडतं. दाण्यातलं मीठ तिच्या लेखी मीठच नव्हतं.

"दाणे," ती दारात येऊन म्हणाली. "मिठात भाजलेले, दादा. माझ्या ध्यानातच आलं नाय. मारा मला हवं तर, पण मी मुद्दाम नाय केलं."

महादेव तिच्याकडं बघत राहिला. घास अजून तोंडातच होता. थुंकायचा तर थुंकता आला असता. सखूबाई भिंतीशी टेकून ऐकत होती.

त्यानं घास गिळला.

"आमच्या घरीपण मिठातच भाजतात," तो म्हणाला. "भाकरी टाळली, पाणी टाळलं. दाणे माझ्याही ध्यानात आले नायत."

आत झोळीत पोर रडायला लागली. भामानं तिला उचलून आणलं. महादेवनं प्रथमच त्या पोरीकडं नीट पाहिलं.

"किती महिन्यांची?"

"सात."

"सात." त्यानं बोटांवर मोजलं नाही, पण ओठ हलले. "कधी झाली?"

भामानं नवऱ्याकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बोलता आलं नसतं. "त्याच रात्री, दादा. उधाणाच्या. मी निरोप धाडला म्हणून हे घरी आले. शिवाभावजी यांच्या जागी बसले होते. यांनी पंचांना खोटं सांगितलं, आणि मला ठाऊक असून मी गप्प बसले."

बळीराम ढसाढसा रडायला लागला. "प्यायला नव्हता तो, महादू. शिवा प्यायला नव्हता रे."

"ते मला ठाऊक हाय!" महादेव ओरडला तशी पोर दचकून गप्प झाली. "माझ्या आयला नव्हतं ठाऊक. ती मरताना विचारत होती, माझा पोरगा दारू कधीपासून प्यायला लागला. एवढं सांगायला सात महिने लागले तुमाला?"

महादेवनं ताटातला उरलेला रस्सा भाकरीनं पुसून खाल्ला, हळूहळू, शेवटच्या थेंबापर्यंत. आपल्या लोटीतलं पाणी प्यायला आणि उठला.

"बळी, होडीत बसू नकोस. या घराचं मीठ पोटात गेलं, माझ्याच्यानं आता काय होणार नाय." उंबऱ्याबाहेर पाऊल टाकून तो थांबला. "पण होडीत गडी नाय, काशिराम हाय. शिवाच्या पाठचा. मी हाक मारली तरी तो ऐकायचा नाय. त्यानं तुमचं मीठ खाल्लेलं नाय."

तो बांधानं न जाता मागच्या शेतातून निघून गेला. होडीकडं त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

भामानं पोर सासूच्या मांडीवर दिली. मोठ्या टोपातला रस्सा ताटात काढला, वर दोन भाकऱ्या ठेवल्या. बळीराम उठायला लागला तसं तिनं त्याला खांद्याला धरून खाली बसवलं. "तुमी नाय. त्या रात्री तुमाला मी बोलावलं होतं, मीच जाते."

बांधावर पाणी पायाच्या बोटांशी आलं होतं. काशिरामनं तिला येताना पाहिलं आणि डोक्यावरचा पंचा काढला. हुबेहूब शिवाचं तोंड. मांडीवर कोयता आडवा होता.

तिनं ताट होडीच्या काठावर ठेवलं. "दादा, जेवून घ्या."

त्यानं ताटाकडं पाहिलं, मग तिच्याकडं. "मीठ हाय यात?"

नाही म्हणता आलं असतं. दाण्यांचं निमित्त एकदा लागू पडलं होतं.

"हाय," भामा म्हणाली. "मूठभर घातलंय. जाणून."

आणि मग तिनं सगळं सांगितलं, पहिल्या कळेपासून. पाणी चढलं, होडी चिखलातून सुटून डुलायला लागली, रश्शावरचा तवंग थिजला.

"गरम करून आणू?" तिनं विचारलं. दुसरं काही सुचलंच नाही तिला.

"बळीला घेऊन ये," काशिराम म्हणाला. "त्याच्या तोंडून ऐकतो. मग बघू, जेवायचं की नाय."

ताट तिथंच काठावर ठेवून भामा नवऱ्याला आणायला वळली. कोयता अजून त्याच्या मांडीवरच होता.