तारांखालचं कुंकू

मित्रांनो, मी एक जुनी सतार आहे. जुनी म्हणजे मोडकी नव्हे. या दोन शब्दांत ज्यांना फरक कळत नाही, त्यांचं तोंडही मला बघायचं नाही. मिरजेच्या कारागिराने भोपळा वाळवून मला घडवलं. तीस वर्षं पंचवटीतल्या भाग्यश्रीताई मला वाजवताहेत. त्या शाळेत संगीत शिकवतात. टाळ्या भरपूर मिळाल्या, पुढाऱ्यांची लांबलचक भाषणंही सोसली.

गेल्या दसऱ्याला त्यांच्या सासूबाईंनी, म्हणजे सखुबाईंनी, विळा, कात्री, स्कूटर सगळ्यांची पूजा केली आणि मग माझी पाळी आली. ज्या लाकडी घोडीवर माझ्या तारा टेकतात आणि जिथून माझा आवाज उठतो, नेमक्या तिथेच त्यांनी ओलं कुंकू लावलं. वरचं पुसलं गेलं. तारांखालचं तिथेच वाळून बसलं. घोडी काळी, त्यामुळे कोणाला दिसेना. सर्दीने गळा बसावा तसा माझा आवाज बसला. मायेने माझा गळा दाबला होता, आणि सांगायला मला तोंड नव्हतं!

ताईंनी चार दिवस खटपट केली. मग म्हणाल्या, "हिच्यात दम उरला नाही. बहुतेक माझ्या हातातही नाही." गंगापूर रस्त्यावरच्या एका रिसॉर्टवाल्याला भिंतीवर टांगायला सतार हवी होती. ताईंनी त्याला शब्द दिला, "रविवारची मैफल झाली की न्या." म्हणजे मी जिवंतपणीच भिंतीवर जाणार होते.

रविवारी सकाळी हॉल भरला. निम्म्या लोकांनी मोबाइल वर धरले होते. फोटो काढायला आले होते, ऐकायला नव्हे. मागच्या रांगेत मात्र यादवकाका डोळे मिटून बसले होते. ओझरच्या विमान कारखान्यात पत्र्यावर टकटक करून सैल रिव्हेट ओळखण्यात त्यांचा जन्म गेला. आलाप सुरू झाला. ताई पहिल्यांदा थांबल्या तोच काका उठून उभे राहिले.

"ताई, जरा थांबा."

"ओ काका, बसा खाली! फर्माईश नंतर," कोणीतरी खेकसलं.

"फर्माईश नाय हो. सूर निघतोय, पण मागं रेंगाळत नाय. जुनं झालेलं खडखडतं. हिचा आवाज दबलाय. तारेखाली काहीतरी अडकलंय. दसऱ्याला पूजा केली होती का हिची?"

पहिल्या रांगेतून सखुबाई म्हणाल्या, "केली की! लय मनापासून केली."

"कुंकू कुठं लावलं, आजी?"

"तोंडाला! तिथूनच तर बोलती ना ती?"

हॉलमध्ये हशा पिकला. काका हसले नाहीत. "मीपण एकदा मायक्रोमीटरच्या जबड्याला लावलं होतं. दिवसभर मापं चुकली, साहेबांनी धुतला मला."

ताईंनी तारा सैल केल्या आणि घोडीवरून रुमाल फिरवला. रुमाल लाल झाला. त्यांनी पुन्हा सुरात लावून एक तार छेडली, आणि काय सांगू! तो सूर थेट मागच्या रांगेपर्यंत गेला आणि तिथेच घुटमळत राहिला. खालच्या बारीक तारा आपसूक झणझणल्या. पंधरा दिवसांनी मी पोटभर श्वास घेतला. ताईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. मैफल दीड तास रंगली. एकेक मोबाइल खाली गेला.

दाराशी रिसॉर्टवाला उभा होता. ताई म्हणाल्या, "भाऊ, माफ करा, शब्द मोडते. भिंतीला दुसरं काहीतरी बघा."

सखुबाई कावऱ्याबावऱ्या झाल्या होत्या. "मग पुढल्या वर्षी कुठं लावू गं?"

"पाठीला लावा, आई. पण लावा."

मित्रांनो, पूजा करणं सोपं आहे, एका बोटाचं काम. कान देणं अवघड. घरातल्या वस्तूचा, जनावराचा, माणसाचा आवाज बदलला, तर त्याचं वय काढण्याआधी जवळ बसा, डोळे मिटा आणि ऐका. मी वाचले, कारण साठ माणसांत एकजण ऐकत होता.