आचाऱ्याच्या तीन ओळी

छापखान्याच्या वरच्या खोलीत दुपारी दोघंच असायची. मुद्रितं तपासणारे काका आणि त्यांना मूळ प्रत मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या वहिनी. रीत ठरलेली. वहिनींनी विरामचिन्हांसकट वाचायचं, काकांनी छापलेल्या कागदावर डोळा ठेवायचा आणि मुळात नसेल ते लाल रेघेने उडवायचं.

सध्या एका जुन्या, नावाजलेल्या समुद्रकादंबरीची नवी आवृत्ती निघत होती. बुडून मेलेला कप्तान जहाजाच्या तळातून एकेक पायरी वर चढतो आणि एकेक माणूस नाहीसा होतो. पूर्णविराम मोठ्याने उच्चारला की भुताचा निम्मा जोर जातो, असं काकांचं अनुभवाचं मत. वहिनींच्या बाबतीत तो जात नव्हता. त्यांचे यजमान मालवाहू जहाजावर आचारी होते आणि नऊ दिवस त्यांचा फोन नव्हता.

"आचारी कंदील घेऊन तळात उतरला पूर्णविराम," वहिनींनी वाचलं. पुढच्या ओळींवर त्यांची नजर गेली. त्यांनी सरळ खालचा परिच्छेद धरला.

"थांबा, थांबा. इथे तीन ओळी जास्त आहेत. आचारी मरतो त्यात."

"मुळात नाहीत."

"बघा हं नीट."

"नाहीत म्हटलं ना, काका!"

काकांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. मूळ प्रत हात लांब केला तर मिळेल एवढ्या अंतरावर होती. त्यांनी हात लांब केला नाही. लाल रेघ मारली.

पुढे मात्र कादंबरीने कुणाची गय केली नाही. चार वाजेपर्यंत सुकाणूवाला गेला, सुतार गेला, चहाच्या आधी उरलेले चौदाही गेले. वहिनींचा आवाज बारीक होत चालला. आपण आचाऱ्याला वाचवलं की त्या कप्तानासोबत एकटं कोंडलं, हेच त्यांना कळेना.

शेवटचं पान आलं. "ओली पावलं भटारखान्यापाशी थांबली पूर्णविराम कप्तानाने दार उघडलं पूर्णविराम."

पुढची ओळ वहिनींनी तळव्याने झाकली. काकांनीच छापलेलं वाचलं. "'आत कुणीच नव्हतं.' ही ओळ उडवावी लागेल. आपला आचारी जिवंत आहे."

"नको!" वहिनी ओरडल्याच. "राहू द्या ती."

"अहो, मग तो गेला कुठे? चहूकडे समुद्र आहे."

वहिनींनी प्रत मिटली आणि छातीशी घट्ट धरली.

"पोहता येतं त्यांना," त्या म्हणाल्या.