बंद केली

ऑफिसात तिला नावाने कुणी हाक मारत नसे. लिफ्टदुरुस्तीच्या त्या कंपनीचा फोनवर एक ग्रुप होता, त्यात तिचं नाव 'कंट्रोल' असं टाकलेलं होतं, आणि बघता बघता सगळे मेकॅनिक तिलाच कंट्रोल म्हणायला लागले. "कंट्रोल, साहेबांचा पारा किती आहे आज?" "कंट्रोल, मी जेवायला बसलोय, अर्धा तास मला ओळखू नकोस." घरी ती चिमी होती. ही नोकरी लावून दिली ती तिच्या भाऊजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्याने. ते त्याच कंपनीतले जुने मेकॅनिक. ते तिला घरी 'मेहुणीबाई' म्हणायचे आणि ऑफिसात 'कंट्रोल', आणि दोन्हीकडे चिडवल्यासारखंच.

साहेबांचा नियम एकच होता. जे काही बोलायचं ते ग्रुपवर. फोनवर बोललेलं हवेत जातं, लिहिलेलं राहतं, असं ते म्हणायचे. पुराव्यावर त्यांचा फार जीव. बोलून पाठवलेले मेसेजही चालत नसत, कारण ते ऐकत बसायला साहेबांना वेळ नसे. मग ग्रीसने माखलेल्या हातांची माणसं एका बोटाने टाइप करायची, आणि एका बोटाने माणूस लिहिणार तरी किती? पोचलो. निघालो. झालं. बंद केली. कोण, कुठे, काय, हे ओळखणं कंट्रोलचं काम.

आता हे 'बंद केली' बघा. मेकॅनिकने लिहिलं, तर त्याचा अर्थ लिफ्टचा मेन स्विच पाडला, आता लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरायला हरकत नाही. ऑफिसच्या टेबलावरून लिहिलं, तर त्याचा अर्थ तक्रार बंद केली, म्हणजे कंपनीच्या ॲपमध्ये तक्रारीपुढे जो लाल ठिपका असतो तो हिरवा केला. लिफ्टही ती आणि तक्रारही ती. कुणालाच यात काही वावगं वाटलं नव्हतं. भाऊजी एकदा गमतीने म्हणाले होते, "तुमचं बरं आहे मेहुणीबाई, खुर्चीत बसून बंद करता. आम्हाला गच्चीपर्यंत जिने चढावे लागतात." सगळे हसले होते. तीसुद्धा हसली होती.

रोज संध्याकाळी कंपनीच्या पेजवर एक पोस्टर जायचं. 'आजच्या सर्व तक्रारी बंद!' ते पोस्टरही तिनेच बनवायचं. हसरा चेहरा, हिरवी बरोबरची खूण, खाली कंपनीचा नंबर. साहेबांना लिफ्टपेक्षा त्या पोस्टरची काळजी जास्त होती, असं म्हटलं तर ते रागावतील, पण खरं ते खरं.

त्या दिवशी सकाळी एका इमारतीतल्या कुणीतरी पेजवर व्हिडिओ टाकला. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली, आत एक म्हातारी रडतेय, आणि बाहेरचा माणूस कंपनीचं नाव घेऊन शिव्या घालतोय. खाली लोकांनी प्रतिक्रियांचा पाऊस पाडला. म्हातारीला बाहेर काढून लिफ्ट पुन्हा चालू झाली होती, पण तिचा भरवसा नव्हता. भाऊजी आणि त्यांचा जोडीदार तिकडे निघाले. जोडीदाराला सगळे लंबू म्हणत, कारण तो दारातून वाकल्याशिवाय आत येत नसे.

दोघांचं काम ठरलेलं. लंबूने गच्चीवरच्या मशीनरूममध्ये जाऊन मेन स्विच पाडायचा आणि भाऊजींनी तळाच्या खड्ड्यात उतरायचं. मशीनरूममध्ये नेट पकडत नसे, साधा फोन कसाबसा लागायचा. म्हणून लंबू साहेबांच्या नकळत कंट्रोलला फोन करायचा आणि त्याच्या वतीने ती ग्रुपवर लिहायची, 'बंद केली.' ते वाचून भाऊजी खाली उतरायचे. कितीतरी वेळा असंच झालं होतं, आणि कधी काही बिघडलं नव्हतं.

साहेब तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. खुर्चीच्या पाठीवर त्यांची बोटं वाजत होती.

"ती तक्रार अजून लाल का दिसतेय?"

"साहेब, ते आत्ताच पोचलेत. काम व्हायचंय."

"होईल की काम. तोवर हिरवी दिसू दे. मला फोटो काढून पेजवर टाकायचाय. बंद कर."

तिने बंद केली. एका बोटाचं काम.

तेवढ्यात ग्रुपवर भाऊजींचा मेसेज आला. 'बंद केली का?'

भाऊजींनी ॲप उघडून बघितलं असणार, असंच तिला वाटलं. काम सुरू व्हायच्या आधी तक्रार बंद दाखवली की ते भडकायचे. घरी ताईसमोर सुनवायचे, "आमच्या घामावर तुमचे हिरवे ठिपके." साहेब मागे उभे, खुलासा करायची सोय नाही. तिने घाईघाईने लिहून टाकलं, 'हो, बंद केली', आणि पुढे अंगठा चिकटवला.

मग ती पोस्टरच्या मागे लागली. हिरव्यातला कुठला हिरवा घ्यावा, हे ती बघत होती, तेव्हा तिचा फोन वाजला. लंबू होता.

"कंट्रोल, वरच्या दाराचं कुलूप गंजलं होतं, आत्ता उघडलं. आता बंद करतोय, भाऊजींना लिही की..." तो मध्येच थांबला. "थांब थांब. खाली कोण ओरडतंय?"

तेव्हा तिला कळलं. शब्द तिच्या समोर पडद्यावर होता, आणि आता त्याचा दुसरा अर्थ तिला दिसला.

कुणीतरी मधल्या मजल्यावर लिफ्टमध्ये शिरून तळमजल्याचं बटण दाबलं होतं. लिफ्ट खाली गेली. ती नीट चालत होती, तिचा काही दोष नाही. भाऊजी खड्ड्यातून जिवंत बाहेर आले नाहीत.

साहेबांनी ग्रुपवरचा भाऊजींचा प्रश्न आणि तिचं उत्तर त्याच दुपारी काढून टाकलं. ग्रुपचे मालक ते, त्यांना सगळ्यांचं पुसता येत होतं, मागे खूणही न ठेवता. "तुझ्याच भल्यासाठी करतोय," ते म्हणाले, आणि आवाजात खरंच माया होती. त्यांनी स्वतः दाबायला लावलेला हिरवा ठिपका त्या मायेत झाकून गेला. बाकीच्या मेकॅनिकांनी मेसेज वाचला होता, पण विचारलं तेव्हा सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. प्रत्येकाला घरदार होतं. सगळं खापर लंबूवर फुटलं. स्विच पाडायचं काम त्याचं, त्याने वेळेत पाडला नाही, इतकी सरळ गोष्ट. तो ओरडून सांगत होता की कंट्रोलने लिहिलं होतं, ग्रुपवर होतं. पोलिसांनी ग्रुप बघितला. तिथे काही नव्हतं.

तिलाही विचारलं. साहेबांच्या केबिनमध्ये, साहेबांच्या समोर. ती म्हणाली, "मला आठवत नाही."

नोकरीची भीती तिला नव्हती. पोलिसांचीही फारशी नव्हती. तिला भीती होती ताईची. आई गेल्यावर तिला वाढवलं ते ताईने. तिची वेणी घातली ती ताईने, ताप आला की रात्रभर उशाशी बसली ती ताईच. त्या ताईला हे सांगायचं कुठल्या तोंडाने?

श्रद्धांजलीचं पोस्टरही तिलाच करायला लावलं. भाऊजींचा चांगला फोटो एकच होता, 'महिन्याचा मानकरी' म्हणून तिनेच कधीतरी पोस्टरवर लावलेला. त्यात त्यांनी अंगठा वर केला होता. तिने फोटो खांद्यापाशी कापला, तरी अंगठ्याचं टोक कोपऱ्यात उरलंच. 'आमच्या कुटुंबाचा आधारस्तंभ,' असा मजकूर साहेबांनी सांगितला. खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. एरवी कधी नव्हे इतक्या लोकांनी ते पोस्टर पुढे पाठवलं. साहेबांनी दोनदा तरी आकडा बघितला.

लंबूचा एकदाच फोन आला, जामिनावर सुटल्यावर. आवाज ओळखू येत नव्हता.

"कंट्रोल, मी तुला काही करायला सांगत नाही. फक्त एवढं सांग, मेसेज होता ना? घरचेसुद्धा म्हणतात की मी रचून सांगतोय. मलाच आता शंका यायला लागलीय."

तिने फोन ठेवला. स्वतःची इतकी किळस तिला कधी आली नव्हती.

आणि ताई रोज लंबूला शिव्याशाप द्यायची. "त्या मेल्याचं कधी भलं होणार नाही. आळशी मेला. दोन मिनिटं आधी जिना चढला असता तर?" चिमी मान डोलवायची. डोलवताना मान दुखायची.

कंपनीने पोलिसांकडून भाऊजींचं सिमकार्ड मागून घेतलं. नंबर कंपनीचा होता, नवीन मेकॅनिकला द्यायचा होता. पाना, टॉर्च आणि तडा गेलेला फोन एका पिशवीत घालून पोलिसांनी ताईकडे परत दिले. खड्ड्यात सापडल्यापासून फोन बंदच पडून होता. उघडून बघायचे कष्ट कुणी घेतले नव्हते. आरोपी हाताशी असताना कोण घेतं?

रविवारी चिमी ताईकडे गेली, तेव्हा तो फोन चार्जरला लावलेला होता. ताई जमिनीवर भिंतीला टेकून बसली होती. मुलं खाली खेळायला गेली होती.

"चालू झाला गं," ताई म्हणाली. "मुलांचे फोटो आहेत ह्यांच्याकडे, तेच बघत होते."

"हो का."

"मग तुमचा तो ग्रुप उघडला. शेवटचं काय बोलले ते बघावं म्हटलं."

चिमी दारातच थांबली. सिम नाही, नेट नाही. खड्ड्यात गेला तेव्हाही नेटवर्क नव्हतं. साहेबांनी जे सगळीकडून पुसलं होतं, ते इथे पुसायला कुणी पोचलंच नव्हतं.

ताईने फोन तिच्याकडे वळवला. तडा नेमका त्या ओळीवरून गेला होता, तरी वाचता येत होतं.

"चिमे, मला यातलं काही कळत नाही," ताई म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेच सहन होत नव्हतं. "हे म्हणतात, बंद केली का. तू म्हणतेस, हो. तू तर ऑफिसात होतीस ना? तू कशी बंद करणार?"

चिमीला एक खोटं सुचलं. मग दुसरं सुचलं. दोन्ही चांगली होती. मग तिला लंबूचा आवाज आठवला, स्वतःवरच शंका घेणारा.

"मी लिफ्ट नव्हती बंद केली, ताई."

"मग काय बंद केलीस?"

"तक्रार."

ताईने पदराने फोनची काच पुसली, जणू तड्याखाली अजून एखादं अक्षर राहिलं असेल.

"यांनी तर लिफ्टचं विचारलं होतं गं," ती म्हणाली.