डायलचं कुलूप

फोनच्या डायलवर एकच्या भोकात बसवलेलं ते पितळी कुलूप चिंचोक्याहून मोठं नव्हतं, पण सकाळच्या तिरप्या उन्हात ते असं काही चमके, की सगळ्या घराचा बंदोबस्त त्याच्याच भरवशावर चाललाय असं वाटावं. किशनरावांनी तर्जनी शून्यात घालून डायल ओढली. बोटभर फिरली, कुलपावर अडली, मागे आली. पुन्हा ओढली, पुन्हा अडली. बरं वाटलं. चहाच्या आधी हे रोजचं होतं — देवाला नमस्कार, फोनला हिसका — आणि यातलं कोणतं अधिक मनापासून होतं हे त्यांनी स्वतःलाही कधी विचारलं नव्हतं. किल्ली करदोड्याला. त्यामुळे कुणाला फोन लावायचा तर किल्ली फोनपाशी नेता येत नसे, किशनरावांना स्वतःलाच कमरेसकट जावं लागे. स्टुलाला पोट टेकवून, धोतर सावरत, श्वास धरून…

पूर्णेच्या त्या गल्लीतला हा पहिला फोन, आणि तूर्त शेवटचाही. रेल्वेत तारबाबू म्हणून जन्म काढलेल्या माणसाच्या घरी नाही तर कुणाच्या घरी येणार! अर्ज टाकला तेव्हा त्यांचा पोरगा चंद्रभान बी. ए.ला होता; फोन आला तेव्हा चंद्रभानचं नाव घरात घ्यायचं बंद होऊन दोन वर्षं झाली होती. आल्या आल्या गल्लीनं फोन आपलासा केला. सरजाबाईंच्या जावयानं आपल्या हापिसात हाच नंबर दिला, मेंढरंवाल्या ग्यानबानं तो बसमतच्या व्यापाऱ्याला दिला, आणि एका लग्नाच्या याद्या तर चार दिवस किशनरावांच्या दिवाणावर बसून फोनवरून झाल्या. त्यांच्या पत्नी कमलबाई चहा करत राहिल्या. किशनरावांनी परभणीहून कुलूप आणलं. बाहेरून आलेला फोन घ्यायला कुणाची ना नव्हती. इथून लावायला मात्र बंदी. परक्या माणसाचं बोट डायलला लागता कामा नये, असं त्यांनी गल्लीत सांगितलं, आणि सांगताना ते फक्त गल्लीकडेच बघत होते असं नाही…

नऊ वाजता घंटी वाजली. ग्यानबाचा फोन. ग्यानबा घोंगडी सांभाळत आला, रिसिव्हर दोन्ही हातांनी धरला आणि ओरडला, "हाल्लो! म्या ग्यानबा बोलायलोय!"

"ग्यानबा, बसमत लांब हाय," किशनराव म्हणाले, "पण फोन जवळ हाय."

"वाऱ्याची दिशा उलटी हाय बाबू, आवाज जात न्हाई," ग्यानबानं रिसिव्हरवर हात न ठेवताच सांगितलं, आणि तेही व्यापाऱ्यानं ऐकलं असणार. सौदा झाला. मग त्यानं कुलपाकडे वाकून पाहिलं. "लय नामी हाय. पण एक इचारू का? मेंढवाड्याच्या तोंडाला झापा लावला, अन् मागचं कुंपण उघडंच ठिवलं, तर लांडगा कुटून यायचा?"

"ह्याला मागं कुंपण नसतं."

"असं व्हय." ग्यानबानं मान हलवली, पण ती पटल्याची नव्हती.

दारात सरजाबाई उभ्या होत्या, ताटात हळदीकुंकू. संक्रांत होऊन पाच दिवस झाले तरी त्यांचं वाण अजून संपायचं होतं. "बाबू, ती किल्ली जरा लांब दोरीला बांधा की. तुमी फोन लावायला गेलाव की फुगडी खेळायलाव असं वाटतंय बघा."

कमलबाई आतून हसल्या. कितीतरी दिवसांनी तो आवाज ऐकला असं वाटून किशनराव गंभीर झाले.

ह्याला मागं कुंपण नसतं… खोटं. हे खोटं पूर्णेत ज्या एका माणसाला पक्कं ठाऊक होतं त्यानंच ते सांगितलं होतं. डायल म्हणजे काय, तर मोजून तार तोडायची नि जोडायची सोय. नऊ फिरवले की नऊदा तुटते, शून्य फिरवलं की दहादा. डायल बंद असेल तर रिसिव्हर ज्या खुंट्यांवर ठेवतात त्या खुंट्या दाबाव्या — सारख्या वेगानं, मोजून, दोन आकड्यांमध्ये श्वासभर थांबून — की एक्स्चेंजला ते डायलच वाटतं. चौतीस वर्षं कट्ट-कडकट्ट ऐकत पगार खाल्लेल्या माणसाला हे कुणी शिकवायला नको. मग त्यानं खुंट्यांचा बंदोबस्त का केला नाही? परभणीच्या त्या दुकानात अख्खा फोन आत मावेल अशी लाकडी पेटीही होती, कडीकोयंड्यासकट. दुकानदारानं दाखवलीसुद्धा. "एवढी नको," किशनराव म्हणाले होते; आणि घरी येईपर्यंत, पॅसेंजरच्या खिडकीत, एवढी का नको याची सात कारणं त्यांनी तयार केली होती, जी त्यांना कुणीच विचारली नाहीत.

आणि गेलं दीड वर्ष, दर बुधवारी दुपारी, ते पडले की बाहेरच्या खोलीतून टिचक्या येत. पाल असेल, असं त्यांनी पहिल्या बुधवारी ठरवलं आणि ठरवलेलं बदललं नाही. पाल दहा टिचक्यांनी सुरुवात करते, मग थांबते, मग दोन, मग चार… पाल नांदेडचा कोड लावते, हे त्यांनी कानांना कळू दिलं, स्वतःला नाही. मग हलक्या आवाजात बोलणं. शब्द कळत नसत, फक्त शेवटचा कळे, कारण तो म्हणताना कमलबाई मागे वळून दाराकडे बघत असाव्यात: "न्हाई रे. झोपलेत." दर बुधवारी कुणीतरी तिकडून काहीतरी विचारी, आणि त्याचं उत्तर हे असे. आणि ते उत्तर खोटं ठरू नये म्हणून किशनराव डोळे अधिक घट्ट मिटून घेत.

आजही बुधवारच होता. चहा निवला होता. पेपर कालचा; तो त्यांनी आज पुन्हा वाचायला घेतला. पहिल्या पानावर अजून तेच. संक्रांतीच्या दिवशी सरकारनं विद्यापीठाचं नामांतर केलं — सोळा वर्षं चाललं होतं ते — आणि आता छापखान्यात तो खिळा जुळवताना कुणी आधी इकडेतिकडे बघणार नव्हतं. केवढं सोपं दिसत होतं छापलेलं! मराठवाडा विद्यापीठ, आणि त्याच्या आधी तीन शब्द. तेच तीन शब्द. तोच क्रम.

लग्नाची कार्डं नांदेडहून छापून आली तेव्हा उन्हाळा होता. चि. चंद्रभान, एम. ए., आणि खाली बारीक अक्षरात विद्यापीठाचं नाव, त्या तीन शब्दांसकट — पाच वर्षं आधीच. "विधानसभेत ठराव झालेला हाय, आण्णा," पोरगा म्हणाला होता. किशनराव म्हणाले होते, "ठराव झाला, नाव झालं न्हाई. सरकारनं दिलं न्हाई ते आपण छापायचं?" कायद्याचंच बोलत होते. कायद्याचं बोलायला किती बरं असतं, आपण भ्यालो आहोत हे त्यात दिसत नाही… सोयरे कुठल्या गावचे, अठ्ठ्याहत्तर साली, ठराव झाला तेव्हा, त्या गावांत काय जाळलं गेलं होतं, मांडवात कोण उठून काय म्हणेल — मी भ्यालो होतो. एवढंच. रात्र नव्हती, अंधार नव्हता, भर दुपारी, पट्टी घेऊन, निळी-काळी शाई घेऊन बसलो आणि तीनशे कार्डांवरचे तीन-तीन शब्द एका रेघेत खोडले. हात स्थिर होता. तारबाबूचा हात.

शाई छापील अक्षरांवर बसत नाही, हे तिसाव्या कार्डाला लक्षात आलं. खोडल्यामुळे नजर आधी तिथेच जात होती. पण मग थांबायचं कसं? तीस खोडलेली आणि दोनशे सत्तर न खोडलेली, यापेक्षा सगळी सारखी बरी.

लिंबाजीला कार्ड द्यायला ते स्वतः गेले. लिंबाजी पॉइंट्समन, रुळांचे सांधे फिरवणारा, वीस वर्षं एका स्टेशनावर, एकाच माठातलं पाणी. त्या अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात तो तारघराच्या खिडकीशी आला होता आणि भावाला तार लिहून मागितली होती: घर गेलं. माणसं आहेत. येऊ नको. किशनरावांनी ती धाडली, शब्द न् शब्द, हात न थांबवता. तारेतला शब्द बदलायचा हक्क तारबाबूला नसतो. हे ते सगळ्यांना सांगत, पोराला तर लहानपणापासून… लिंबाजीनं कार्ड उजेडाकडे धरलं, वेळ लावून वाचलं, खोडलेलंसुद्धा. मग म्हणाला, "ब्येस झालंय कार्ड, बाबू." लग्नाला आला, आहेर केला, आणि जेवायला बसला नाही. पोटात दुखतंय म्हणाला.

पोरानं मात्र लग्न आटोपू दिलं. नांदेडला निघताना, बायको रिक्षात बसल्यावर, म्हणाला, "आण्णा, जन्मभर लोकांच्या तारा जशाच्या तशा धाडल्या म्हणता. माझीच तेवढी बदललीत." किशनरावांनी उत्तर दिलं होतं. काय दिलं, ते आता आठवत नाही. उंबरा हा शब्द होता त्यात.

"अहो," कमलबाई जेवणाची ताटं उचलताना म्हणाल्या. त्यांची बोटं सांध्यांपाशी सुजलेली होती. थंडीत ती वळत नसत, वाटी धरतानाही त्या पंजा मारल्यासारखी धरत. "आज दुपारच्याला तेवढं कुलूप काढून ठेवताव का?"

"कशाला?"

"असंच."

"कुणाला करायचाय?"

कमलबाईंनी तिळाच्या लाडवाचा डबा फडताळात सारला. डबा अर्धा भरलेला होता. गल्लीत वाटून झाल्यावरही दरवर्षी तो अर्धा राही आणि फाल्गुनापर्यंत तसाच असे. "कुणाला न्हाई," त्या म्हणाल्या.

काढतो म्हणायचं होतं. शब्द जिभेवर होता, हात करदोड्यापर्यंत गेलाही होता, पण मग फुगडी आठवली, स्टूल आठवलं, आणि समोर बायको उभी असताना कमरेत वाकून आपलंच कुलूप उघडणारा माणूस कसा दिसेल ते दिसलं… "बघू," म्हणून ते आत जाऊन पडले.

भिंतीकडे तोंड. किल्ली बरगडीखाली टोचत होती, तरी कूस बदलली नाही. झोपलेला माणूस कूस बदलत नाही, असा त्यांचा समज होता. बाहेर मालगाडीचं शंटिंग चाललेलं. मग टिचक्या सुरू झाल्या.

दहा. थांबणं. दोन. चार… आज लय नव्हती. एक टिचकी लांब, एक आखूड. पाल आज थकली होती. शेवटी कमलबाईंचा दबका आवाज, "कोण? न्हाई न्हाई, चुकून लागला, बाबा." पुन्हा दहा — दहा कुठले, अकरा झाले, कट झालं. पुन्हा सुरुवात. या वेळी कोड नीट गेला, नंबराचे पहिले तीन आकडे गेले, मग नऊ यायचे होते. पाच, सहा… बोट अडलं. रिसिव्हर खाली ठेवल्याचा आवाज, आणि नंतर एक श्वास, जो फोनला उद्देशून नव्हता.

नंबर किशनरावांना पाठ होता. कुणी सांगितला नव्हता. दीड वर्ष ऐकून झाला होता.

मिरखेल स्टेशनच्या क्वार्टरात, लग्नाला वर्षही झालेलं नसताना, ती डबा घेऊन तारघरात यायची आणि स्टुलावर बसून विचारायची, आता काय म्हटलं पलीकडच्यानं? त्यांनी तिला डब्याच्या झाकणावर आकडे वाजवायला शिकवलं होतं, जेवढा आकडा तेवढ्या टिचक्या. मोजू नको, ऐक. मोजायला गेलीस की चुकतीस. आणि कळलं की दोनदा वाजवायचं, हा त्या दोघांचा नियम. रेल्वेच्या कुठल्याच पुस्तकात नव्हता. ती शिकलेलं विसरली नव्हती. आपणच…

पुन्हा दहा. दोन. चार. सगळं सरळ. नंबराचे तीन आकडे. आता नऊ. थांबली. थांबणं श्वासभराचं हवं, ते लांबत चाललं. आणखी थोडं लांबलं तर एक्स्चेंज सोडून देईल…

किशनरावांचं बोट खाटेच्या लाकडावर होतं. ते तिथे कधी आलं, माहीत नाही. त्यानं वाजवलं. नऊ, एकसारखे, मिरखेलला वाजायचे तसे.

शंटिंग थांबलं होतं, किंवा त्यांना ऐकू येईनासं झालं. बाहेरच्या खोलीत स्टुलाच्या फळीवर काहीतरी दोनदा हलकं वाजलं. बांगडी असेल. हात टेकताना बांगडी वाजतेच. मग खुंटीवर नऊ. नीट. मग सात, ते तिचे तिनंच.

वेळ गेला. घंटी तिकडे वाजत असावी. इकडे ती ऐकू येत नाही, हा फोनचा मोठाच दोष.

"हां, मीच," कमलबाई म्हणाल्या. मग हळू काहीबाही. तीळ, गूळ, सुनेचा खोकला. मग तिकडून ते नेहमीचं विचारलं गेलं असावं, कारण त्या थांबल्या. किशनरावांनी डोळे मिटले. तेवढी सवय होती.

"व्हय रे," कमलबाई म्हणाल्या. "जागेच हायेत."

आणि पुढे काही बोलल्या नाहीत. रिसिव्हर ठेवल्याचाही आवाज आला नाही. तार नुसती चालू राहिली, दोन्हीकडून माणसं असलेली.

चुकलेल्या तारेमागून दुरुस्तीची तार धाडायची असते, किशनरावांना आठवत होतं — चौतीस वर्षांत त्यांच्या नावावर अशी एक नव्हती, याचा केवढा तोरा होता. तिच्यात कारणं लिहायची नसतात. चुकलेला शब्द सांगायचाही नसतो. जे राहिलं तेवढंच पुन्हा द्यायचं. कार्डावरचे तीन शब्द होते, आणि ते या हाताला जेवढे पाठ होते तेवढे जिल्ह्यात कुणाला नसतील. तीनशे वेळा त्यांच्यावरून गेलेला हात होता. उठून त्या खोलीपर्यंत जायला दहा पावलं. किल्ली बरगडीला टोचत होती. बोट लाकडापासून तांदळाएवढं वर उचललेलं होतं आणि पहिल्या अक्षरापाशी थांबलं होतं. अडलं नव्हतं, दोन आकड्यांमध्ये थांबतात तसं थांबलं होतं, आणि हा फरक आपल्याला आज, एवढ्या वर्षांनी, बोटाच्या टोकाशी कळतोय, याचं त्यांना पडल्या पडल्या नवल वाटत राहिलं…